चुकीचा माग कसा छापावा: पायथनमधील ट्रेसबॅकची मांडणी

परभणी जिल्ह्यातील एका मोंढ्यात आडतीचे दुकान आहे. तिथल्या काटापट्ट्या वाचून शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या तयार करणारा पायथनचा एक छोटा प्रोग्रॅम मी सांभाळतो. सोयाबीनची आवक जोरात असताना एका संध्याकाळी दुकानाच्या मुनीमजींनी व्हॉट्सॲपवर पडद्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिले, ‘‘सर, कंप्युटर इंग्रजीत भांडायलाय बघा.’’ फोटोत ट्रेसबॅकच्या, म्हणजे चूक झाल्यावर पायथन छापतो त्या तिच्या मागाच्या, वरच्या सात-आठ ओळी स्वच्छ दिसत होत्या, पण मला हवी असलेली शेवटची ओळ तेवढी चौकटीबाहेर राहिली होती. चूक मुनीमजींची नव्हती. प्रोग्रॅमने माझ्यासाठीचा मजकूर त्यांच्या पडद्यावर ओतला होता आणि त्यांच्यासाठीचा मजकूर मी लिहिलाच नव्हता.

त्या फोटोनंतर मी ट्रेसबॅक छापण्याची जी पद्धत बसवली, ती येथे क्रमाने दिली आहे. तिचा गाभा एवढाच की एकाच चुकीची दोन रूपे तयार करायची: संपूर्ण माग फाइलमध्ये आणि त्यातून निघणारी मोजकी ओळ पडद्यावर. लेखातील फंक्शनांची व मॉड्यूलांची नावे देवनागरीत, अधोरेषेसह, लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती अर्थातच रोमन लिपीतील मूळ रूपात लिहावीत.

आधी वाचनाची दिशा

स्टॅक या शब्दाला आपल्याकडे उतरंड हा चपखल शब्द आहे. मडक्यावर मडके चढते तसे फंक्शनने फंक्शन बोलावले जाते आणि सर्वांत वरचे मडके म्हणजे चूक घडली त्या क्षणी चालू असलेले फंक्शन. पायथन ही उतरंड छापताना तळाचे मडके आधी घेतो आणि वरचे शेवटी. पहिल्याच ओळीत येणाऱ्या ‘मोस्ट रीसेंट कॉल लास्ट’ या शब्दांचा अर्थ तोच. मधल्या भागात प्रत्येक फंक्शनसाठी एक जोडी असते: फाइलचे नाव, ओळीचा क्रमांक व फंक्शनचे नाव एका ओळीवर आणि त्या ठिकाणचा प्रत्यक्ष कोड तिच्याखाली. शेवटी चुकीचा प्रकार आणि संदेश येतो. म्हणून पायथनचा ट्रेसबॅक खालून वर वाचावा. जावामध्ये क्रम उलटा असतो, तेथे चुकीचा प्रकार आणि ताजे फंक्शन वर असते. दोन्ही भाषांत काम करणाऱ्याने फोटो मागवताना ‘वरचा भाग पाठवा’ की ‘खालचा’ हे विचारपूर्वक सांगावे.

पायथन ३.११ पासून कोडच्या ओळीखाली टोपीच्या आकाराची चिन्हे येतात आणि ओळीतील नेमका कोणता भाग फसला ते दाखवतात. ३.१३ पासून टर्मिनलवर हा मजकूर रंगीतही दिसतो. या सोयींसाठी काहीच लिहावे लागत नाही, फक्त आवृत्ती नवी हवी. आणि तेथेच अनेकदा अडते, कारण दुकानांतील जुन्या संगणकांवर अजून विंडोज ७ असते आणि त्यावर पायथन ३.८ च्या पुढे जाता येत नाही. माझी पहिली आवृत्ती त्यावरच चालत होती, त्यामुळे पुढे जेथे आवृत्तीनुसार फरक पडतो तेथे तो सांगितला आहे.

नुसता संदेश छापणे का पुरत नाही

नवा प्रोग्रॅमर एक्सेप्ट विभागात, म्हणजे चूक हाताळणाऱ्या कोडमध्ये, चूक पकडतो आणि ती प्रिंटला देऊन मोकळा होतो. यातून फक्त संदेश छापला जातो; प्रकार जातो, फाइल जाते, ओळ जाते. काही प्रकारांत तर तो संदेश दिशाभूलही करतो. शब्दकोशात (डिक्शनरीत) ‘वजन’ ही कळ (की) सापडली नाही तर कीएरर उद्भवतो आणि त्याचा छापील संदेश म्हणजे अवतरणचिन्हांतील ‘वजन’ एवढाच शब्द. पडद्यावर तो एकटा शब्द पाहून मुनीमजींनी काटा तपासायला माणूस पाठवला होता. प्रत्यक्षात एक्सेलमधील रकान्याच्या शीर्षकापुढे एक रिकामी जागा पडली होती, एवढेच.

पैशांच्या हिशेबासाठी आपण फ्लोटऐवजी (अंदाजे दशांशाऐवजी) डेसिमल (अचूक दशांश) वापरतो, आणि ते योग्यच आहे, पण त्याचा संदेश आणखी गूढ आहे. वजनाच्या रकान्यात कोणी १२ क्विंटल ४० किलोसाठी ‘१२-४०’ असे लिहिले की डेसिमल इनव्हॅलिडऑपरेशन ही चूक उभी करतो आणि संदेशात चौकटी कंसात कन्व्हर्शनसिंटॅक्स या क्लासचे नाव तेवढे देतो. कोणता मजकूर वाचता आला नाही याचा पत्ताच नसतो. शिवाय ही चूक व्हॅल्यूएररच्या वंशातली नसून अरिथमेटिकएररच्या वंशातली आहे, त्यामुळे व्हॅल्यूएररसाठी लावलेल्या एक्सेप्टमधून ती निसटून जाते. जाता जाता सांगतो, देवनागरी आकड्यांना येथे दोष देऊ नये: फ्लोट आणि डेसिमल हे दोघेही ‘१२.४०’ देवनागरीत लिहिलेले असले तरी बिनतक्रार वाचतात आणि इंट देवनागरीतला पूर्णांक वाचतो. अडते ते मधल्या आडव्या रेघेवर आणि हजारांच्या स्वल्पविरामावर.

ट्रेसबॅक मॉड्यूलची चार साधने

पायथनसोबत येणाऱ्या ट्रेसबॅक या मॉड्यूलमध्ये बरीच फंक्शने आहेत. रोजच्या कामाला चार पुरतात.

पहिले प्रिंट_एक्स्क. एक्सेप्ट विभागात कंसात काहीही न देता ते बोलावले की सध्या हाताळली जाणारी चूक तिच्या संपूर्ण मागासह स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुकांसाठीच्या वेगळ्या प्रवाहावर (एरवी पडद्यावर), छापली जाते. फाइल हे आर्ग्युमेंट देऊन ती दुसरीकडे वळवता येते. लिमिट या आर्ग्युमेंटला ३ दिल्यास तळाकडील तीन जोड्या मिळतात आणि उणे ३ दिल्यास चुकीच्या ठिकाणाजवळच्या तीन. आपल्याला जवळजवळ नेहमी उणे संख्याच हवी असते, हे मला उशिरा कळले.

दुसरे फॉरमॅट_एक्स्क. हे तोच मजकूर छापण्याऐवजी एका स्ट्रिंगच्या रूपात हाती देते. ते एक्सेप्ट विभागाबाहेर बोलावले तर चूक उद्भवत नाही, फक्त ‘ननटाइप: नन’ (नन म्हणजे ‘काहीच नाही’) अशी निरर्थक ओळ परत येते. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदींच्या फाइलमध्ये, ही ओळ दिसली की कोणीतरी फंक्शन चुकीच्या जागी बोलावले आहे असे समजावे.

तिसरे फॉरमॅट_एक्सेप्शन. ज्या चुकीचा माग हवा ती चूक याला स्वतः द्यावी लागते, त्यामुळे चूक आधी साठवून नंतर छापायची असेल तर हेच वापरावे. ३.१० पासून एकटी चूक दिली तरी चालते. त्याआधी प्रकार, चूक आणि तिचा ट्रेसबॅक अशी तिन्ही आर्ग्युमेंटे द्यावी लागत. हे फंक्शन स्ट्रिंगांची यादी परत करते आणि प्रत्येक स्ट्रिंगच्या शेवटी नवी ओळ आधीच असते, म्हणून यादी जोडताना मध्ये रिकामी स्ट्रिंग घालावी. नवी ओळ घातल्यास प्रत्येक स्ट्रिंगनंतर एक रिकामी ओळ पडते आणि कागद वाया जातो.

चौथे साधन म्हणजे ट्रेसबॅकएक्सेप्शन हा क्लास, ज्याकडे पुढे सविस्तर येऊ.

चुकीला तिची माहिती जोडणे

ट्रेसबॅक कितीही सुबक छापला तरी त्यात चलांच्या (व्हेरिएबलांच्या) किमती नसतात. कोणत्या ओळीवर अडले ते कळते, कोणत्या काटापट्टीवर अडले ते कळत नाही. आणि मोंढ्यात दुसऱ्याच प्रश्नाला महत्त्व असते. म्हणून छापण्याच्या आधीची पायरी अशी की चूक जेथे उद्भवते तेथेच तिला संदर्भ जोडावा.

यासाठी मी एक स्वतंत्र क्लास केला आणि त्याचे नाव मुद्दाम देवनागरीत नोंदचूक असे ठेवले. पायथन ३ मध्ये चलांना व क्लासांना देवनागरी नावे चालतात, फक्त अक्षरे जोडणारी किंवा तोडणारी अदृश्य चिन्हे नावात येऊ देऊ नयेत. वजन वाचणाऱ्या फंक्शनमध्ये डेसिमलची चूक पकडायची आणि ‘रेझ नोंदचूक फ्रॉम मूळ चूक’ या रचनेने नवी चूक उभी करायची, जिच्या संदेशात काटापट्टीचा क्रमांक, रकाना आणि वाचता न आलेला मजकूर असेल. फ्रॉम वापरल्याने मूळ चूक नव्या चुकीच्या कॉज या गुणधर्मात जपली जाते आणि छापताना दोन्ही माग येतात, आधी मूळ आणि मग नवा, मध्ये ‘वरील चूक ही खालील चुकीचे थेट कारण आहे’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य. फ्रॉम न लिहिताही पायथन दोन्ही छापतो, पण तेव्हा मधले वाक्य ‘वरील चूक हाताळत असताना दुसरी चूक उद्भवली’ या अर्थाचे असते. दोन वाक्यांतला हा फरक वाचायला शिकावे: पहिले सांगते की प्रोग्रॅमरने विचारपूर्वक चूक गुंडाळून पुढे पाठवली, दुसरे बहुधा सांगते की चूक हाताळणारा कोडच फसला.

‘फ्रॉम नन’ लिहून मूळ माग छापण्यातून वगळताही येतो. पडदा स्वच्छ दिसतो म्हणून मी काही दिवस ते सर्रास वापरले आणि नंतर काढून टाकले. लॉग फाइलला स्वच्छतेची गरज नसते.

नवी चूक उभी न करता असलेल्या चुकीलाच टीप जोडायची असेल, तर ३.११ पासून प्रत्येक चुकीवर ॲड_नोट हे मेथड आहे. त्याला दिलेली स्ट्रिंग ट्रेसबॅकच्या शेवटी, संदेशाखाली, स्वतंत्र ओळीवर येते. मात्र चूक नुसती प्रिंटला दिली तर टिपा छापल्या जात नाहीत.

स्वतःची मांडणी

एक्सेल फाइल वाचताना चूक झाली की माग आपल्या दोन-तीन फंक्शनांतून ग्रंथालयाच्या (लायब्ररीच्या, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या) आत खोल शिरतो आणि त्या गर्दीत आपली ओळ शोधावी लागते. यावर उपाय म्हणून ट्रेसबॅकएक्सेप्शनचे फ्रॉम_एक्सेप्शन बोलावून चूक एका वस्तूत उतरवावी. तिच्या स्टॅक या गुणधर्मात प्रत्येक फंक्शनची एक नोंद असते आणि त्या नोंदीत फाइलचे नाव, ओळीचा क्रमांक, फंक्शनचे नाव व कोडची ओळ असे सुटे तुकडे मिळतात. त्यांपैकी ज्या नोंदींची फाइल आपल्या प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये आहे तेवढ्याच निवडाव्यात आणि त्यांतील शेवटची नोंद ही ‘आपल्या कोडमधील चुकीची जागा’ मानावी. येथे एक खाचखळगा आहे: व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रकल्पापुरती बसवलेली ग्रंथालये) प्रकल्पाच्याच फोल्डरमध्ये ठेवण्याची पद्धत असल्याने बाहेरची ग्रंथालयेही आपलीच वाटू लागतात, म्हणून ज्यांच्या मार्गात साइट-पॅकेजेस हे नाव आहे त्या नोंदी आधी गाळाव्यात. कॉजमधील मूळ चुकीवरही हेच करावे. तीही त्याच प्रकारच्या वस्तूत उतरलेली मिळते.

माझ्या मांडणीतून लॉगमधील नोंद साधारण अशी निघते:

चूक १८४२०७ | आवृत्ती २.६ | पट्टी.पाय, ओळ ६१, वजन_वाचा
  नोंदचूक: वजन वाचता आले नाही
  काटापट्टी १४३, रकाना ‘वजन’, मजकूर ‘१२-४०’
  मूळ कारण: इनव्हॅलिडऑपरेशन, पट्टी.पाय, ओळ ५८

या चार ओळींखाली गाळणी न लावलेला संपूर्ण ट्रेसबॅक येतो. चुकीचा क्रमांक म्हणजे तेव्हाचे तास, मिनिटे आणि सेकंद. फोनवर सांगायला सोपा आणि फाइलमध्ये शोधायलाही. मुनीमजींच्या पडद्यावर मात्र एवढेच येते: ‘काटापट्टी १४३ मधील वजन वाचता आले नाही: १२-४०. ते १२.४० असे लिहून पुन्हा चालवा. चूक १८४२०७.’

याच क्लासला कॅप्चर_लोकल्स हे आर्ग्युमेंट खरे (ट्रू) दिले तर प्रत्येक फंक्शनमधील चलांच्या किमतीही छापल्या जातात. दोष शोधताना याहून सोयीचे काही नाही, आणि नेमके म्हणूनच ते कायमचे चालू ठेवू नये: हिशेबपट्टीच्या प्रोग्रॅममधील चलांत शेतकऱ्याचे नाव, मोबाइल आणि बँक खात्याचा क्रमांक असतो, आणि तीच लॉग फाइल उद्या कोणी व्हॉट्सॲपवर पुढे ढकलते. मी ते फक्त माझ्या संगणकावर, नकली नोंदी घेऊन, चालू करतो.

लॉगिंगमध्ये बसवणे

फाइलमध्ये लिहिण्यासाठी लॉगिंग मॉड्यूल वापरावे. एक्सेप्ट विभागात लॉगरचे एक्सेप्शन हे मेथड बोलावले की संदेशासोबत पूर्ण ट्रेसबॅक आपोआप नोंदला जातो. इतर पातळीवर नोंद हवी असल्यास एक्स्क_इन्फो खरे द्यावे. फाइल मर्यादेत राहावी म्हणून रोटेटिंगफाइलहँडलर (नोंदी फाइलमध्ये लिहिणारा व फाइल भरली की नवी सुरू करणारा हँडलर) घ्यावा आणि त्याला मॅक्सबाइट्स व बॅकअपकाउंट दोन्ही द्यावेत, कारण बॅकअपकाउंट शून्य राहिल्यास फाइल कधीच फिरत नाही.

एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ असल्याचे हँडलरला स्पष्ट सांगावे. न सांगितल्यास विंडोजवर जुने स्थानिक एन्कोडिंग वापरले जाऊ शकते आणि देवनागरी मजकूर लिहितानाच नवी चूक उद्भवते. स्टँडर्ड एररचे वागणे वेगळे आहे: जे अक्षर त्या एन्कोडिंगमध्ये बसत नाही ते उलट्या तिरप्या रेघेनंतरच्या सांकेतिक अंकांत छापले जाते, प्रोग्रॅम थांबत नाही. म्हणून विंडोजवर ‘पेक्षा मोठे’ या चिन्हाने स्टँडर्ड एरर फाइलकडे वळवल्यावर नोंदचूकच्या जागी आकड्यांची रांग दिसते. पायथनयूटीएफ८ हे एन्व्हायर्नमेंट चल १ केले की दोन्ही प्रश्न सुटतात.

आता ज्या गुंत्यात माझी एक संपूर्ण रात्र गेली तो सांगतो. फाइल आणि पडदा यांसाठी दोन हँडलर, त्यांना दोन वेगळे फॉरमॅटर (नोंदीचा मजकूर मांडणारे) आणि दोघांत फॉरमॅटएक्सेप्शन हे मेथड आपापल्या पद्धतीने लिहिलेले, अशी माझी रचना होती. तरीही फाइलमध्येही पडद्यासाठीची एकच ओळ जात होती. कारण असे की पहिला फॉरमॅटर ट्रेसबॅकचा तयार मजकूर त्या नोंदीच्या एक्स्क_टेक्स्ट या गुणधर्मात साठवून ठेवतो आणि दुसरा फॉरमॅटर तो तयार दिसला की स्वतःचे मेथड बोलावतच नाही. उपाय सोपा आहे: आपल्या फॉरमॅटरच्या फॉरमॅट मेथडमध्ये काम सुरू करण्यापूर्वी आणि संपल्यावर एक्स्क_टेक्स्टला नन करावे. हे अधिकृत दस्तऐवजात लिहिलेले आहे. मी ते तेव्हा वाचले नव्हते.

कोणीच न पकडलेली चूक

सर्व काळजी घेऊनही काही चुका कोणत्याच एक्सेप्टमध्ये सापडत नाहीत. त्यांच्यासाठी सिस मॉड्यूलमधील एक्सेप्टहुकच्या जागी आपले फंक्शन ठेवावे. प्रकार, चूक आणि ट्रेसबॅक अशी तीन आर्ग्युमेंटे त्याला मिळतात. त्यात कीबोर्डइंटरप्टसाठी मूळ हुककडे परत जावे, नाहीतर कंट्रोल-सी दाबून प्रोग्रॅम थांबवणेही चुकांच्या यादीत जमा होते. थ्रेडमधील (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या धाग्यातील) चुका या हुककडे येत नाहीत, ३.८ पासून थ्रेडिंग मॉड्यूलमध्ये त्यांचा वेगळा एक्सेप्टहुक आहे. टीकिंटरच्या (पायथनमधील खिडक्या-बटणांच्या मॉड्यूलच्या) खिडकीतील बटण दाबल्यावर झालेली चूक या दोघांकडेही जात नाही, तिच्यासाठी मुख्य खिडकीचे रिपोर्ट_कॉलबॅक_एक्सेप्शन बदलावे लागते. काळी खिडकी दिसू नये म्हणून पायथनडब्ल्यूने प्रोग्रॅम चालवत असाल तर हे तिन्ही बसवणे अनिवार्य समजा, कारण तेव्हा स्टँडर्ड एरर अस्तित्वातच नसते आणि छापलेला माग कोठेही उमटत नाही.

कधी चूक होत नाही, प्रोग्रॅम नुसता अडकून बसतो. त्या वेळी फॉल्टहँडलर मॉड्यूलचे डंप_ट्रेसबॅक_लेटर कामी येते: ३०० सेकंद आणि उघडी ठेवलेली एक फाइल त्याला द्यावी, काम वेळेत संपल्यास ते रद्द करावे, आणि न संपल्यास सर्व थ्रेडांची उतरंड त्या फाइलमध्ये उतरते. लक्षात ठेवावे की येथे क्रम जावासारखा, ताजे फंक्शन आधी, असतो आणि देवनागरी नावे सांकेतिक अंकांत येतात.

मागातील कोड खरा असेलच असे नाही

वरील नमुन्यात आवृत्तीचा क्रमांक का आहे, हे सांगायचे राहिले. एकदा दुपारी दुकानातला प्रोग्रॅम चालू असतानाच मी दूरून पट्टी.पायची नवी प्रत तेथे टाकली. तासाभराने आलेल्या ट्रेसबॅकमध्ये हमाली आणि तोलाईची बेरीज करणारी ओळ चुकीची म्हणून दाखवली होती, जी चुकूच शकत नव्हती. झाले असे की ओळीचा क्रमांक चालू असलेल्या, सकाळी वाचलेल्या जुन्या कोडमधला होता, पण त्या क्रमांकाखाली छापायचा मजकूर पायथन छापण्याच्या वेळी डिस्कवरील फाइलमधून घेतो, आणि तेथे तोवर नवी फाइल होती. तेव्हापासून प्रोग्रॅम सुरू होताना आवृत्ती एका चलात धरून ठेवतो आणि प्रत्येक नोंदीत तीच छापतो. क्रमांक जुळला नाही तर त्याच आवृत्तीची फाइल उघडून ओळ स्वतः पाहतो.

सर्व बसवल्यावर चाचणीसाठी मुद्दाम बिघडवलेली एक्सेल फाइल तयार ठेवावी. माझ्या फाइलमध्ये सहा नमुने आहेत: ‘१२-४०’ असे वजन, रिकामे वजन, ‘२,४५०’ असा स्वल्पविरामाचा भाव, शून्य कट्टे, शीर्षकापुढे रिकामी जागा असलेला रकाना आणि अजिबात चूक नसलेली एक काटापट्टी. कोडमध्ये बदल केला की ती फाइल चालवतो, लॉगमध्ये पाच नोंदी आणि पडद्यावर पाच ओळी मोजतो, आणि सहाव्या काटापट्टीची हिशेबपट्टी निघाली की नाही ते पाहतो.